व्यवसाय संघटनेतील समस्या-विश्लेषण व व्यूहात्मक व्यवस्थापन : सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा ऐतिहासिक अभ्यास (१९१९ ते १९५२)

प्रस्तावना :
व्यवसाय संघटनेसमोर उभी राहणारी अडचण आणि त्या अडचणीच्या मुळाशी असणारी समस्या या दोन भिन्न बाबी आहेत. अडचण व्यवस्थापकाला सहज दिसते. समस्या मात्र शोधून काढावी लागते. ‘व्यूहात्मक व्यवस्थापन’ ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासशाखा म्हणून रूढ झाली. परंतु त्यामागील विचार काही भारतीय उद्योजकांनी त्यापूर्वीच व्यवहारात आणला होता. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांनी सहकाऱ्यांसमवेत उभारलेली सिंदिया कंपनी हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. या कंपनीने १९२३ साली बलाढ्य ब्रिटिश प्रतिस्पर्ध्याशी करार केला. तो करार म्हणजे शरणागती होती की व्यूहरचना, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या आरंभी भारताच्या किनारी जलवाहतुकीवर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. १९१४ साली ही कंपनी पी. अँड ओ. कंपनीशी जोडली गेली आणि लॉर्ड इंचकेप यांच्या नेतृत्वाखाली तिचे सामर्थ्य अधिकच वाढले. तत्पूर्वी १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली होती. प्रतिस्पर्ध्याने भाडे पाडले, १९०८ साली चिदंबरम पिल्लई यांना अटक झाली आणि १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली. भारतीय जहाज कंपनी सुरू करणे शक्य आहे, पण टिकवणे कठीण, हा धडा सिंदियाच्या संस्थापकांपुढे होता.

समस्येचे पहिले आकलन – जहाज :
पहिल्या महायुद्धानंतर जहाजांचा मोठा तुटवडा होता. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या मालकीचे, युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस असल्याचे कळताच वालचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खरेदी केले. मार्च १९१९ मध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. पुढे हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तथापि हे जहाज १८९१ साली सेवेत आलेले, प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेले व खर्चिक होते. १९२३ साली ते भंगारात काढावे लागले. जहाज मिळाले की व्यवसाय उभा राहील, हे आकलन अपुरे ठरले.

समस्येचे दुसरे आकलन – माल आणि भाडे :
कंपनीने नंतर मालवाहू जहाजे घेतली व ब्रह्मदेश-भारत किनारी व्यापारावर लक्ष केंद्रित केले. येथे खरी समस्या स्पष्ट झाली. प्रस्थापित कंपन्या आपल्या ग्राहक-व्यापाऱ्यांना भाड्यातील काही सवलत देत. मात्र ती लगेच न देता काही काळ रोखून ठेवत. दरम्यान व्यापाऱ्याने दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून माल पाठविला, तर साठलेली सवलत बुडत असे. देशाभिमानी व्यापाऱ्यालाही स्वदेशी जहाजाकडे वळणे परवडणारे नव्हते. त्यातच दरयुद्ध पेटले. तोटा दीर्घकाळ सोसण्याची ताकद ब्रिटिश कंपनीकडे होती, सिंदियाकडे नव्हती.

१९२३ चा करार :
अशा स्थितीत तीन पर्याय होते : कंपनी विकणे, झुंजत राहून बुडणे अथवा मर्यादा स्वीकारून टिकणे. संचालकांनी तिसरा पर्याय निवडला. दहा वर्षांच्या या करारानुसार कंपनीचा ताफा ७५,००० टनांपुरता मर्यादित झाला. तिला किनारी मालवाहतुकीतच राहावे लागले आणि प्रवासी वाहतूक वर्ज्य ठरली. अटी जाचक होत्या व त्यांवर टीका होणे स्वाभाविक होते. परंतु करारामुळे दरयुद्ध थांबले आणि प्रतिस्पर्ध्याला भारतीय कंपनीचे अस्तित्व मान्य करावे लागले. स्वदेशी कंपनीला जे साधले नव्हते, ते येथे साधले : कंपनी जिवंत राहिली.

समस्येचे तिसरे आकलन – राज्यसत्ता :
स्पर्धेचे नियम ज्यांच्या हाती, त्यांच्याशी केवळ बाजारात लढून भागणार नाही, हे आता स्पष्ट झाले होते. १९२४ साली भारतीय व्यापारी नौदल समितीने किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. १९२८ मध्ये सारभाई हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात त्यासाठी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९३५ च्या कायद्यातील व्यापारी भेदभावविरोधी कलमांनी तो मार्गच रोखला. १९२९ पासून कंपनीचे अध्यक्ष असलेल्या वालचंदांनी मग जहाजबांधणीकडे मोर्चा वळविला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. १९४२ च्या जपानी बाँबहल्ल्यानंतरही प्रकल्प सोडला गेला नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जल-उषा’चे जलावतरण झाले. किनारी व्यापाराचे आरक्षण मात्र स्वातंत्र्यानंतरच प्रत्यक्षात आले. १९५२ साली गोदी हिंदुस्थान शिपयार्ड या शासकीय नियंत्रणाखालील कंपनीकडे गेली.

निष्कर्ष :
१. सिंदियाच्या व्यवस्थापनाने समस्येची व्याख्या अनुभवानुसार बदलली : प्रथम जहाज, नंतर माल व भाडे आणि अखेरीस कायदा. प्रत्येक टप्प्यावर उपाय बदलला, ध्येय बदलले नाही.
२. १९२३ चा करार हा तात्कालिक माघारीतून वेळ मिळविणारा निर्णय होता. त्याची किंमत दहा वर्षांच्या खुंटलेल्या वाढीच्या रूपाने मोजावी लागली, हेही मान्य करावयास हवे.
३. १९८० च्या दशकात हीच कंपनी गंभीर आर्थिक संकटात सापडली. पूर्वजांनी केलेले समस्या-विश्लेषण वारशाने पुरत नाही. प्रत्येक पिढीच्या व्यवस्थापनाला ते नव्याने करावे लागते. वाणिज्य व इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणाकडे त्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.