बेवारस: दादांच्या पासबुकाच्या निमित्ताने

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या मिरजेच्या घरातली लोखंडी ट्रंक रिकामी करावी लागली, कारण तिच्या तळाला ओल आली होती. वर दादीचे कपडे, खाली दादांची रेल्वेतली जुनी कागदपत्रे आणि त्यांच्यात दडलेले बँकेचे एक पासबुक. दादा १९९६ मध्ये गेले. पासबुकातली शेवटची नोंद १९९५ ची, शिल्लक ४,०४६ रुपये. त्या आकड्याशेजारी दादांनी पेन्सिलीने उर्दूत लिहून ठेवले होते: असल ३,२००. दर वेळी पासबुक भरून आणले की ते घरी बसून व्याज वजा करायचे आणि आपले किती, ते लिहून ठेवायचे.

अब्बा म्हणाले, "ठेव परत. बँकेने ते पैसे केव्हाच खाल्ले असतील." मलाही तसेच वाटत होते. आपल्याकडे बहुतेकांना तसेच वाटते. ते खरे नाही, हे कळायला मला काही महिने लागले, आणि त्या महिन्यांत बँकेपेक्षा इतिहासाचेच वाचन जास्त झाले.

सुरुवात शब्दापासून करू. 'बेवारस' हा शब्द मराठीने आपल्याकडून घेतला. 'बे' फारसी, 'वारिस' अरबी. वारसा, हक्क, दावा, रक्कम, जमा, वसूल हे सगळे त्याचे सोबती दफ्तरातून आले आणि मराठीत असे मुरले की आज कुणाला त्यांचे मूळ आठवतही नाही. पण 'बेवारस' म्हणताना आपण एक चूक करतो. ज्याचा वारस नाही आणि ज्याच्या वारसाला कुणी शोधलेच नाही, अशा दोन्ही मालांना आपण तोच शब्द लावतो.

फिक्हने हे दोन वेगळे ठेवले. सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात. हदीसमध्ये तिच्याबद्दलची सूचना फार व्यवहारी आहे: थैली आणि तिला बांधलेला दोरा नीट ओळखून ठेवा, वर्षभर पुकारा करा, मालक आला तर त्याला द्या. म्हणजे ज्याला सापडले त्याच्यावर शोधण्याची जबाबदारी. खरोखरच वारस नसेल तर माल बैतुलमालात, म्हणजे सर्वांच्या कामाला.

राजे मात्र नेहमी असे वागले नाहीत. मोगल दरबारातला मोठा सरदार मेला की त्याच्या मालमत्तेवर बादशहाची मोहर पडायची. फ्रेंच प्रवासी बर्नियरने सतराव्या शतकात यावर तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. म्हणूनच जहांगीरने १६०५ मध्ये गादीवर आल्यावर काढलेल्या बारा हुकुमांपैकी एक वाचून मी थबकलो. मुसलमान असो वा गैरमुसलमान, मेलेल्याची मालमत्ता त्याच्या वारसांना मिळावी, त्यात कुणी हात घालू नये. वारस नसेल तर ती सांभाळायला वेगळे अधिकारी नेमावेत आणि पैसा मशिदी, सराया, मोडके पूल, तळी आणि विहिरी यांवर खर्च व्हावा. हुकूम किती पाळला गेला हा वेगळा प्रश्न. पण बेवारस पैसा खजिन्याच्या सर्वसाधारण थैलीत मिसळू नये, त्याचा हिशेब निराळा राहावा, हा विचार त्यात स्पष्ट आहे.

आता दादांच्या पेन्सिलीकडे. पोस्टाची बचत बँक हिंदुस्थानात १८८२ मध्ये सुरू झाली आणि लहान गावांतल्या माणसालाही सरकारच्या हवाली दोन पैसे ठेवता येऊ लागले. मुसलमानांपुढे लगेच पेच उभा राहिला: ठेव सुरक्षित आहे, पण व्याजाचे काय? हा पेच फक्त इथला नव्हता. इजिप्तमध्ये पोस्टाची बचत योजना निघाली तेव्हा तीन हजारांहून जास्त खातेदारांनी व्याज घ्यायला नकार दिला, असे रशीद रिदा यांनी आपल्या 'अल-मनार' मासिकात नोंदवले आहे. तिथले मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांना यातून वाट काढायला सांगण्यात आले आणि त्यावरून जो वाद पेटला तो पुरता विझलेला नाही. आपल्याकडच्या अनेक मुफ्तींनी वेगळी वाट सांगितली. व्याज बँकेत सोडू नका, कारण तिथे ते नको त्या कामाला लागेल. काढून घ्या आणि सवाबची नियत न धरता गरजूला द्या. दादांच्या पिढीतल्या पुष्कळांपर्यंत या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग पोहोचलाच नाही. त्यांनी व्याजाला हात लावला नाही, खात्याबद्दल मुलांना सांगितले नाही, आणि व्याजापायी असलही तिथेच राहिले. परहेजगारीचा हा हिशेब बँकेच्या कुठल्याच ताळेबंदात वेगळा दिसत नाही. मात्र अशी पासबुके आमच्या मोहल्ल्यात आणखी तीन घरांत निघाली, एवढे मी सांगू शकतो.

तर बँकेने पैसे खाल्ले होते का? नाही. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या एका निधीत जाते. ही व्यवस्था २०१४ पासूनची. या निधीत गेलेल्या पैशावरचा हक्क संपत नाही, ही गोष्ट मी मोहल्ल्यात दहा जणांना सांगितली तर नऊ जणांनी विश्वास ठेवला नाही. वारसाने कधीही दावा करावा. बँकेने त्याला द्यावे आणि मग स्वतः निधीतून भरून घ्यावे. व्याजाचे खाते असेल तर निधीत गेल्यानंतरही व्याज मिळते. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सरकारी बँकांनी या निधीत सुमारे ३५,०१२ कोटी रुपये भरले होते, खाती दहा कोटींहून जास्त. विमा, भविष्य निर्वाह निधी, पोस्टाच्या योजना यांतला पडून राहिलेला पैसा दुसऱ्या एका निधीत, ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणासाठी, जातो आणि तिथे मात्र मुदत आहे: पंचवीस वर्षांत कुणी मागितले नाही तर तो सरकारचा. म्हणून पोस्टाचे किंवा विम्याचे कागद सापडले तर ते आधी हातात घ्यावेत.

हदीसमधला पुकारा सरकारने करायला वेळ लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू झाले. तिथे मोबाईल क्रमांकाने नोंदणी करायची, खातेदाराचे नाव आणि बँक निवडायची, शिवाय पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा जन्मतारीख यांपैकी एक द्यायचे. दादांकडे पॅन नव्हते. जन्मतारीख होती, पण ती आपल्याकडच्या अर्ध्या म्हाताऱ्यांची असते तीच: १ जून. ती काही जुळली नाही. यांपैकी काहीच नसेल तर पत्ता चालतो. तो भरला आणि नावावर गाडी अडली. शेख आधी की शेवटी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई एक की दोन, की ए-आय. मोहंमद पूर्ण की 'एमओएचडी' असे आखूड. बँकेतल्या कुण्या कारकुनाने पन्नास वर्षांपूर्वी जे कानाला ऐकू आले ते लिहिले. सातव्या प्रयत्नात, शेख शेवटी टाकल्यावर, 'दर्ग्याजवळ, मिरज' असा पत्ता पडद्यावर आला. बाजूला एक संदर्भ क्रमांक. तो लिहून घ्यायचा, कारण शाखेत तोच विचारतात.

ज्यांना हा खटाटोप करायचा आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. प्रत्येक बँकेने अशा खात्यांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायची असते, तेव्हा 'उद्गम'वर नाही म्हणजे नाहीच असे समजू नये. आणि पतसंस्था या व्यवस्थेत येत नाहीत. तिथली ठेव पतसंस्थेकडेच विचारावी लागते.

शाखेतल्या बाईंनी कागदांची यादी दिली. मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे, हमीपत्र, आणि जे वारस पैसे घ्यायला स्वतः येणार नाहीत त्यांचे ना-हरकत पत्र. वारस कोण? दादी २००३ मध्ये गेली. राहिले अब्बा, चाचा आणि दोन फुफ्या. धाकट्या फुफीने इचलकरंजीहून सही करून पाठवली. थोरल्या फुफीकडे मी स्वतः गेलो.

जाताना बसमध्ये १८४७ चा मुंबईचा खटला आठवत होतो. खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत हिस्सा मागितला होता. न्यायमूर्ती पेरी यांनी जमातीची रूढी ग्राह्य धरली आणि मुली हरल्या. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरियत कायद्याने रूढी बाजूला सारली. शेतजमीन मात्र त्यातून वगळली. कायदा मुलीच्या बाजूने उभा राहिला खरा, पण घरात तिला कुणी शोधत गेले नाही. तिचा हिस्सा 'माफ केला' म्हणून लिहून घ्यायची आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे.

फुफीने पासबुक हातात घेतले, पेन्सिलीच्या आकड्यावरून बोट फिरवले. "किती निघतात माझे?"

मी हिशेब करूनच गेलो होतो. असल ३,२००. दादीचा आठवा हिस्सा शेवटी याच चार मुलांत गेला, म्हणून सरळ सहा भाग: भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. फुफीचे ५३३ रुपये आणि काही पैसे. एकूण रक्कम अकरा हजारांच्या थोडी वर गेली होती. वरचे जवळपास आठ हजार व्याजाचे, ते दवाखान्यात कुणाच्या तरी बिलात भरायचे ठरले होते.

"आठव्वीस साल पहिले घराचे कागद आणले होते तुझ्या अब्बाने," फुफी म्हणाली. "तेव्हा सही घेतली, हिशेब नाही दाखवला. आज पाचशे तेहेतीसचा हिशेब घेऊन आलास."

तिने सही केली. महिन्याभराने पैसे जमा झाले तेव्हा मी ५३३ रुपये नेऊन दिले. तिने ते मोजून घेतले, माफ केले नाहीत, आणि म्हणाली, "आता बाकीचं भाईजानला विचार."

मी घरी येऊन अब्बांना ते जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी कपाटातून घराचे मालमत्ता पत्रक आणि जुने हक्कसोडपत्र काढले. दोन्ही कागद सध्या टेबलावर, दादांच्या पासबुकाशेजारी आहेत. चाचा रविवारी येणार आहेत.