बाईच्या पुस्तकाला दुकान हवं

आज जरा पुस्तकांच्या दुकानाबद्दल बोलू या. दुकानात जाऊन आपण “बायकांची पुस्तकं दाखवा” असं म्हटलं, तर बहुतेक वेळा काय समोर येतं? पाककृती, व्रतकथा, मेंदीचे नमुने, बाळाची नावं. ही पुस्तकंही लागतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण बाईनं स्वतःच्या डोक्यानं विचार करून लिहिलेलं पुस्तक कुठल्या फळीवर असतं? ते कुणी ठेवलं आणि कुणी विकलं? यालाही एक इतिहास आहे.

सुरुवात 1882 सालापासून करू. त्या एका वर्षात पुण्यात दोन बायकांची दोन पुस्तकं छापली गेली. एक ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि दुसरं पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’.

ताराबाई बुलढाण्याच्या. आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला होता. लोकलाजेपायी जन्मलेलं मूल मारल्याचा तिच्यावर आरोप होता. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून मात्र सगळ्या स्त्रीजातीवरच चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तरीही ते पुस्तक लोकांच्या नजरेआड गेलं. ताराबाईंनी दुसरं पुस्तक काढलं नाही. 1975 साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापलं, तेव्हा ते नव्यानं वाचकांच्या हाती आलं. मध्ये 93 वर्षं गेली. म्हणजे आपल्या आज्या, पणज्या या पुस्तकाचं नावही न ऐकता गेल्या.

रमाबाईंच्या पुस्तकाचं तसं झालं नाही. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेले पैसे 1883 साली त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला कामी आले. पुढे अमेरिकेत 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक काढलं. सभांतून बोलायचं, पुस्तक विकायचं, वर्गणी जमवायची, असं चालू राहिलं. हजारो प्रती गेल्या. त्या सगळ्या खटपटीतून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. विधवांची शाळा उभी करण्यात पुस्तकाच्या विक्रीचाही हात होता! नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी छापखाना घातला. तिथं मुली आणि बायका खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. लिहिणं, छापणं आणि लोकांपर्यंत नेणं या तिन्ही गोष्टी त्यांनी बायकांच्या हातात आणल्या.

दोन्ही बायका हुशार, दोघीही धीट. फरक काय पडला? एकीच्या पुस्तकामागे संस्था होती, माणसं होती, विक्रीची वाट होती. दुसरीचं पुस्तक एकटं पडलं.

आता एका वेगळ्या दुकानाची गोष्ट सांगते. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचून काढायच्या. तिथंच चोरून लिहायच्याही, आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. कितीतरी वर्षं हे चाललं. 1982 साली ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. पुड्या बांधायच्या कागदावर वाचून घेणाऱ्या बाईला पुस्तकाचं दुकान किती लांब होतं, याचा विचार करा.

तोवर जगात इतर ठिकाणी बायकांनी स्वतःची दुकानं काढायला सुरुवात केली होती. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात 1970 साली एका घराच्या ओसरीवर ‘अ‍ॅमेझॉन’ नावाचं बायकांच्या पुस्तकांचं दुकान सुरू झालं. होय, नाव तेच! इंटरनेटवरची बडी कंपनी त्यानंतर खूप वर्षांनी आली. नावावरून 1999 साली या दुकानानं कंपनीला कोर्टात खेचलं आणि शेवटी तडजोड झाली. 2012 साली दुकान बंद पडलं. आपल्याकडे 1984 साली बंगळूरला ‘विमोचना’ या गटाच्या बायकांनी ‘स्त्रीलेखा’ हे दुकान काढलं. त्याच वर्षी दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी ‘काली फॉर विमेन’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली.

मराठीत हे काम मासिकांनी आणि छोट्या गटांनी केलं. 1989 साली विद्या बाळ यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. त्याच वर्षी मुंबईच्या ‘स्त्री उवाच’नं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा हा इतिहास. नाशिककरणींनी तर तो वाचायलाच हवा. कारण 3 मार्च 1930 रोजी आपल्या काळाराम मंदिराच्या चार दरवाजांवर सत्याग्रहाची जी पहिली तुकडी बसली, तिच्यात 125 पुरुषांबरोबर 25 बायका होत्या. पंचवटीत जाताना त्या दारांवरून आपण कितीदा गेलो असू. पण चळवळीतल्या अशा बायकांना नावानिशी पुस्तकात जागा मिळायला जवळजवळ साठ वर्षं लागली. या दोघी गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या बायकांना भेटल्या, त्यांच्या तोंडून ऐकलं, म्हणून ते टिकलं. नाहीतर त्या बायांबरोबर तेही गेलं असतं.

म्हणून म्हणते, लिहिणं झालं की काम संपत नाही. छापणारं कुणी हवं, फळीवर ठेवणारं हवं आणि पदरचे पैसे मोडून घेणारंही हवं. दुकान काढणं सगळ्यांना जमणार नाही. पण बचत गटाच्या बैठकीत महिन्याला एक पुस्तक घेता येईल. ते सगळ्यांच्या घरून फिरून आलं की ट्रंकेत ठेवायचं. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचा डबा वाटतो, त्याऐवजी एखादं पातळ पुस्तक वाटता येईल. आणि दुकानात गेलो की पुस्तकाचं नाव घेऊन मागायचं. नसलं तर “मागवून ठेवा, पुढच्या आठवड्यात येते” असं सांगायचं, आणि खरंच जायचं. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर दुकानदार फळीवर जागा करतो.

ताराबाईंचं पुस्तक 93 वर्षं कुणी मागितलं नाही. आपण मागू या.