शेषगणन

एका पूर्णांकाला दुसऱ्या पूर्णांकाने भागल्यावर उरणारी बाकी, म्हणजेच शेष, काढण्याच्या क्रियेस शेषगणन म्हणतात. वार, घटका, संवत्सरे अशा चक्राकार गणनेत भागाकारापेक्षा शेषालाच महत्त्व असते.

आर्यभटांच्या आर्यभटीय (इ. स. ४९९) या ग्रंथातील कुट्टक रीत ठराविक भाजकांनी भागल्यास ठराविक शेष उरतील अशी संख्या शोधण्याची आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) कुट्टकाचे स्वतंत्र विवेचन केले. त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. यूरोपात गौस यांनी १८०१ मध्ये समशेषतेसाठी चिन्ह योजून या विषयास आधुनिक रूप दिले.

महाराष्ट्रात शेषगणनाचा परिचित उपयोग पंचांगात आढळतो. सोलापूरहून प्रसिद्ध होणाऱ्या दाते पंचांगातील किंवा अन्य पंचांगांतील संवत्सराचे नाव पुढील रीतीने पडताळता येते : शकवर्षात १२ मिळवून ६० ने भागावे, शेष हा प्रभवापासूनचा क्रमांक होय. शके १९०६ ते १९०९ या चार वर्षांसाठी शेष अनुक्रमे ५८, ५९, ० व १ येतात. यांतील शून्य म्हणजे साठावे, क्षय संवत्सर. शून्याचा हा अपवाद टाळण्यासाठी ११ मिळवून शेष काढावा व त्यात १ मिळवावा. मग सर्व वर्षांना एकच सूत्र पुरते.

अशा क्रमवार मांडलेल्या संख्यांना संगणकाच्या परिभाषेत ॲरे म्हणतात. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या संकेतनात, व त्यातून निघालेल्या एपीएल भाषेत, संपूर्ण ॲरेचे शेष एकाच चिन्हाने निघतात. फोर्ट्रानमध्ये पूर्वी प्रत्येक घटकासाठी आवर्तन लिहावे लागे. फोर्ट्रान ९० पासून ‘मॉड’ हे फलन संपूर्ण ॲरेला लावता येते.

खरा मतभेद ऋण संख्यांबाबत आहे. गणना शकारंभामागे नेऊन वर्ष −२० घेतल्यास ११ मिळवून −९ येतात. गणितदृष्ट्या ६० ने भागून शेष ५१ व संवत्सर ५२ वे, कालयुक्त, ठरते. सी भाषेच्या १९८९ च्या मानकाने अशा शेषाचे चिन्ह संगणकावर सोपविले होते. १९९९ च्या मानकानुसार शेष −९ येतो आणि सूत्राचे उत्तर −८ ठरते. या क्रमांकाचे संवत्सर नाही. पायथॉनमध्ये मात्र ५१ च मिळतात. फोर्ट्रान ९० ने यासाठी ‘मॉड’ व ‘मॉड्युलो’ अशी दोन फलने वेगळी ठेवली. सी भाषेत आलेल्या शेषात ६० मिळवून पुन्हा शेष काढल्यास हा दोष नाहीसा होतो. एका भाषेतील सूत्र दुसरीत नेताना शेषाच्या चिन्हाचा नियम आधी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. कारण धन संख्यांवर केलेल्या पडताळ्यात ही चूक कधीच दिसत नाही.