डोहाळे आणि मौन : पहिलटकरणीच्या पहिल्या तीन महिन्यांचा इतिहास

'डोहाळे' हा शब्द उच्चारताच चिंच, कैरी, हिरवी साडी आणि फुलांची वाडी ही चित्रे मराठी मनापुढे उभी राहतात. डोहाळा म्हणजे इच्छा, आणि गर्भिणीची इच्छा पुरविणे हे घराचे कर्तव्य, असा ह्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. परंतु एखाद्या सुनेला 'कडक डोहाळे लागले आहेत' असे जेव्हा घरातील वडीलधारी बाई म्हणते, तेव्हा तिच्या मनात इच्छेचा विचार मुळीच नसतो. सुनेच्या पोटात पाणी ठरत नाही, फोडणीच्या वासाने तिला उमासे येतात, ती अंथरुणाला खिळली आहे, एवढेच तिला सांगावयाचे असते. एकाच शब्दाने मागणे आणि ओकणे ह्या दोन्ही गोष्टी दाखविल्या जाव्यात, ह्याचा उलगडा शब्दाच्या व्युत्पत्तीतच शोधावा लागतो.

संस्कृत 'दोहद', प्राकृत 'दोहल' आणि त्यापासून मराठी 'डोहळा', ही परंपरा स्पष्ट आहे. वाद आहे तो 'दोहदा'च्या मुळाविषयी. एका मताप्रमाणे त्याच्या मुळाशी 'द्विहृद्' म्हणजे दोन हृदये असणे ही कल्पना आहे. दुसऱ्या मताप्रमाणे हा शब्द 'दौर्हृद' म्हणजे हृदयाचे अस्वास्थ्य, मळमळ, ह्याचे प्राकृत वळण घेऊन पुन्हा संस्कृतात आलेले रूप आहे. वैद्यकग्रंथांनी पहिला अर्थ उचलला, आणि मराठीतील 'दोन जिवांची' हा वाक्प्रचार त्याच अर्थाचा वारस आहे. दुसरा अर्थ मात्र ग्रंथांतून मागे पडून बायकांच्या बोलण्यात तेवढा शिल्लक राहिला. गर्भिणीच्या इच्छेला शास्त्रात, काव्यात आणि संस्कारात मानाचे स्थान मिळाले. तिच्या अस्वास्थ्याला आणि विशेषतः पहिल्या खेपेच्या भीतीला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न त्यामानाने अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला आहे.

प्रथम वैद्यकग्रंथ पाहू जाता असे आढळते की, लक्षणांचे निरीक्षण त्यांनी मोठ्या बारकाईने केले होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात गर्भधारणेची जी चिन्हे दिली आहेत, त्यांत विटाळ न येणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, ओकारी, अरुची, आंबट खाण्याची इच्छा, अंग जड होणे, डोळ्यांवर ग्लानी येणे, ओठ व स्तनमंडले काळवंडणे, पायांवर किंचित सूज येणे ह्यांचा समावेश आहे. आजच्या प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ही यादी परकी वाटू नये. येथे ओकारी चिन्हांच्या ओळीत बसविलेली आहे, तिला दोषाचे किंवा विकाराचे रूप दिलेले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दोन हृदयांची उपपत्ती ह्यानंतर येते. चरकाच्या मते तिसऱ्या महिन्यात गर्भाची सर्व इंद्रिये व अवयव एकदम प्रकट होतात. तेव्हापासून तो हालतो आणि मागणे करू लागतो. त्याचे हृदय मातेकडून येते आणि रसवाहिन्यांनी तिच्या हृदयाशी जोडलेले राहते, म्हणून त्याचे मागणे हे तिचे मागणे होते. सुश्रुताने हीच घटना चौथ्या महिन्यात घातली आहे. म्हणजे, ज्या काळात स्त्रीला सर्वाधिक त्रास होतो, तो काळ ह्या उपपत्तीच्या आधीच बहुतांशी संपलेला असतो. मळमळ साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यानंतर बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ओसरते. शास्त्राने स्त्रीला बोलण्याचा अधिकार दिला तो दुसरे हृदय आल्यावर. तोपर्यंत ती एकाच हृदयाची, म्हणजे केवळ सून होती.

हा अधिकार लहानसा होता असे मात्र समजू नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात डोहाळा न पुरविल्यास गर्भाला दोष लागतो, वैरूप्य किंवा मरणही येते, म्हणून स्त्रीला प्रिय असेल ते करावे, असा स्पष्ट निर्देश आहे. चरक त्याहून सूक्ष्म विचार करतो. इच्छा तीव्र असेल तर अहितकर वस्तूही हितकर वस्तूत मिसळून तिला द्यावी, कारण इच्छा दाबल्याने वायू कोपतो, असे तो सांगतो. अन्य कोणत्याही प्रसंगी सासरच्या अन्नावर ज्या मुलीला शब्द टाकता येत नसे, तिला ह्या एका प्रसंगी धर्मशास्त्राने आणि वैद्यकाने मिळून मागण्याची सनद दिली.

परंतु ह्या सनदेला दुसरी बाजू होती. सुश्रुताने अपुऱ्या डोहाळ्यांचे परिणाम म्हणून कुबडी, लुळी, लंगडी, जड, खुजी, डोळ्यांनी विकृत किंवा आंधळी संतती सांगितली आहे. चरकाच्या आठव्या अध्यायात तर गर्भिणीच्या प्रत्येक स्वभावदोषाचा ठसा मुलावर उमटतो असे म्हटले असून, सतत शोक करणाऱ्या स्त्रीला भित्रे, कृश किंवा अल्पायुषी मूल होते असे बजावले आहे. सुश्रुत तिला पहिल्या दिवसापासून प्रसन्न राहण्यास सांगतो. दुर्गंध, ओसाड घर, स्मशान आणि मनाला उद्वेग आणणाऱ्या कथा तिने टाळाव्यात असेही सांगतो. उपदेश सुज्ञपणाचा आहे. पण भयाने गर्भाला अपाय होतो हे ऐकलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या भयाचेच भय वाटू लागले असेल, हे सांगावयास ग्रंथाधाराची गरज नाही. चरकाने गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याप्रमाणे जपावे असे म्हटले आहे. उपमा सुंदर आहे. मात्र ती भांडे नेणाऱ्याच्या दृष्टीने केलेली आहे.

मौनाची साक्ष वैद्यकापेक्षा काव्य अधिक देते. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येतो, म्हणजे ती चोरून माती खात असते. राजा दिलीपाला हे कळते. पण राणी लाजेने आपली इच्छा सांगत नाही, म्हणून तो तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारतो. कोसलाच्या राणीलाही तोंड उघडणे जड जावे, आणि नवऱ्याने बातमी मैत्रिणींकडून काढावी, हे चित्र कालिदासाने कौतुकाने रंगविले असले तरी त्यात एक सामाजिक वस्तुस्थिती दडलेली आहे. माती खाण्याची ही ओढ लोहाच्या कमतरतेशी पुष्कळदा निगडित असते, असे आजचे वैद्यक सांगते. डोहाळ्याचा कथाबीज म्हणून झालेला उपयोग मॉरिस ब्लूमफील्ड ह्यांनी १९२० साली एका विस्तृत निबंधात तपासला आहे. त्या कथांतून मागणी असते, ओकारी मात्र क्वचितच दिसते.

तिसऱ्या महिन्यात गृह्यसूत्रांनी एक संस्कार सांगितला आहे, तो पुंसवनाचा. आश्वलायनाच्या विधीत पत्नीला दह्यात दोन उडीद व एक जव घालून प्यावयास दिले जाते आणि 'काय पितेस' असे तीनदा विचारले जाते. ह्या नाजूक महिन्यांत स्त्रीला विधिपूर्वक विचारला गेलेला हा प्रश्न होय. त्याचे उत्तर आधीच ठरलेले असून तीनही वेळा तिने 'पुंसवन' एवढेच म्हणावयाचे असते. पुढे येणारे सीमंतोन्नयन अनेक शास्त्रकारांच्या मते पहिल्याच गर्भाच्या वेळी करावयाचे; ह्या संस्कारांचा साकल्याने विचार म. म. पां. वा. काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) केला आहे.

महाराष्ट्रातील लोकाचाराने ह्या मौनाला एक स्वतंत्र नाव दिले. डोहाळजेवण पाचव्या किंवा सातव्या महिन्यात, नातलग-शेजारणींना बोलावून, झोपाळ्यावर, बागेत, चांदण्यात वा नावेत थाटाने व्हावयाचे. तिसऱ्या महिन्यात व्हावयाची ती 'चोरओटी'. घरातल्या घरात, फारसा गाजावाजा न करता सुनेची ओटी भरली जाई. बातमी फुटू नये ह्यामागे दृष्टीची भीती सांगितली जाते. पण आचाराला अनुभवाचाही आधार होता. गर्भपातांपैकी फार मोठा भाग पहिल्या बारा आठवड्यांतच होतो, हे आज सर्वमान्य आहे. ज्याची खात्री नाही त्याचा डांगोरा पिटू नये, हा शहाणपणा बायकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुःखातून मिळविला होता. मात्र त्याची किंमतही पहिलटकरणीनेच मोजली. गर्भ गेला तर त्या दुःखालाही चोरूनच राहावे लागे.

शिवाय हे गुपित गुपित तरी कितपत होते? ज्या घरांत विटाळशी स्त्रीने बाहेर बसावयाची चाल होती, तेथे सून ठरल्या दिवशी बाहेर बसली नाही की सासूला, जावांना, पाणक्यालाही काय ते उमगे. घरादाराला कळले, पण बोलावयाचे कोणीच नाही, अशी ही अवस्था होती. उपाय मात्र न बोलता पुढे येत. साळीच्या लाह्या, लाह्यांचे पाणी, आवळकाठी, आल्या-लिंबाचा रस, कोकमाचे सार, डाळिंबाचे दाणे ह्या वस्तू सुनेच्या हाताशी ठेवल्या जात, आणि समजूतदार सासू असेल तर फोडणीच्या वेळी तिला परसात काही निमित्ताने पाठवी. ह्या उपचारांत वैद्यकाची परंपराही आहे. सुश्रुताने पहिल्या तीन महिन्यांत मधुर, शीत व पातळ आहार, आणि तिसऱ्यात विशेषतः साठीच्या तांदळाचा भात दुधाबरोबर सांगितला आहे. आल्याने मळमळ काही प्रमाणात शमते, असे अलीकडच्या चाचण्यांतही दिसून आले आहे.

दूध, तूप, साठीचा भात ही पथ्ये खात्यापित्या घरची होत. शेतात खुरपणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणणाऱ्या स्त्रीला उमासे येत असतानाच पहाटेचे दळण उरकावे लागे. तिचे बोलणे पोथीत नाही, जात्यावरच्या ओवीत आहे. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ ह्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. गर्भारपण, माहेरची आठवण, आईजवळच मोकळे करता येणारे मन हे ओव्यांचे नेहमीचे विषय आहेत. चारचौघांत न बोलता येणारी गोष्ट जात्याच्या घरघरीत बोलता येते, ह्या दृष्टीने गर्भिणीविषयीच्या ओव्या महिन्यांच्या क्रमाने लावून पाहिल्यास इतिहासाला पुष्कळ साहित्य मिळेल.

एकोणिसाव्या शतकात ह्या प्रश्नाला वयाची धार आली. संमतिवयाची मर्यादा १८९१ च्या कायद्याने दहावरून बारा वर्षांवर नेली, एवढ्यावरून पहिलटकरणींच्या वयाची कल्पना यावी. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) ह्यांचा विवाह नवव्या वर्षी झाला. तेराव्या-चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवस जगले. पुढे फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. सुश्रुतादींची गर्भिणीविषयक वचने ह्यापूर्वी पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिली व वाचली होती. स्वतः त्या अवस्थेतून गेलेल्या महाराष्ट्रीय स्त्रीने त्यांचा शास्त्रीय परामर्श घेण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. त्याच वर्षी मुंबईस कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्री डॉक्टरसमोर आपली लक्षणे आपल्याच तोंडाने सांगण्याची सोय तेथे झाली; मात्र प्रारंभीच्या महिन्यांत केवळ मळमळीसाठी रुग्णालय गाठणे सामान्य घरात दीर्घकाळ कल्पनेपलीकडचे होते.

कायद्याची नजर तर बाळंतपणावर खिळलेली होती. मुंबई प्रांताच्या १९२९ च्या प्रसूति-साहाय्य कायद्याने गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतीच्या मागचे-पुढचे काही आठवडे दिले. त्यापूर्वी, जुलै १९२८ मध्ये, विधिमंडळात ह्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी प्रसूतिपूर्व काळातील विश्रांती राष्ट्रहिताची आहे, ही भूमिका मांडली होती. गर्भारपणातून उद्भवणाऱ्या आजारासाठी वेतनासह एक महिन्यापर्यंत जादा रजेची तरतूद १९६१ च्या केंद्रीय कायद्यात आली. रजेसाठी पुरावा द्यावयाचा, म्हणजे बातमी फोडावयाची. चोरओटीच्या रीतीशी कायद्याचा हा मेळ सहज बसणारा नव्हता.

निदानाच्या क्षेत्रात क्रांती झाली ती १९२८ च्या सुमारास. बर्लिनमध्ये आश्हाइम व झोंडेक ह्यांनी स्त्रीचे मूत्र अपक्व उंदरिणींना टोचून काही दिवसांत गर्भाची खात्री देणारी चाचणी सिद्ध केली. तोवर डॉक्टरालाही पोटातील हालचालीची वाट पाहणे भाग होते. आता स्त्रीच्या सांगण्यावाचूनही गर्भ ओळखता येऊ लागला. ह्याच शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य वैद्यकात असा एक पक्ष प्रबळ होता की, अतिवमन हे मातृत्व नाकारणाऱ्या सुप्त मनाचे लक्षण आहे. मळमळीने हैराण झालेल्या पहिलटकरणीवर मूल नको असल्याचा आरोप त्यातून आला. शोक करणारीचे मूल भित्रे होते ह्या चरकवचनाचेच ते नवे रूप म्हणता येईल. फरक एवढाच की, चरकाने ओकारीला तरी त्यात गोवले नव्हते. दुसरीकडे तिला गोळ्याही मिळाल्या. पश्चिम जर्मनीत १९५७ च्या ऑक्टोबरात विक्रीस आलेले थॅलिडोमाइड अनेक देशांत गर्भिणींना सकाळच्या मळमळीवर दिले गेले आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते तेथे मागे घेण्यात आले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके व्यंगे घेऊन जन्मली होती.

ओकारीचे शारीरिक मूळ त्यानंतरही साठ वर्षे निश्चित झाले नव्हते. केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली, अमेरिकेतील मार्लेना फेझो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक ह्याला प्रामुख्याने कारणीभूत आहे. ते मुख्यतः गर्भ व वार ह्यांच्याकडून मातेच्या रक्तात येते आणि तिच्या मेंदूवर परिणाम करते. गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रीच्या शरीरात त्याचे प्रमाण कमी असते, तिला त्रास अधिक होतो. दोन हृदयांच्या जुन्या उपपत्तीशी ह्याचे वरवरचे साम्य भुरळ घालणारे असले तरी दोन्ही एकच मानणे शास्त्राला सोडून होईल. सुश्रुताचा गर्भ चौथ्या महिन्यात इच्छेच्या रूपाने बोलतो. हे संप्रेरक पहिल्याच महिन्यांत, आणि मळमळीच्या रूपाने, आपले अस्तित्व जाणवून देते. 'दौर्हृद' ही व्युत्पत्ती मांडणाऱ्यांच्या बाजूने भाषाशास्त्राबाहेरचा एवढा एक पुरावा आता उपलब्ध आहे.