सर्व्हर बंद की फक्त फीचर बंद?

मी मूळचा धडगावचा, सध्या पुण्यात कोड लिहितो. आमच्याकडे पेशंट सिरियस झाला की चांदसैली घाट उतरून नंदुरबार गाठायचं. त्यामुळे एखाद्या डॉक्टरविरुद्ध तक्रार झाली, की मला दोन भीती वाटतात. तो काम करत राहिला तर? आणि त्याला थांबवलं तर?

हा पेच जुना आहे. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय कायदा झाला. डॉक्टरांचं रजिस्टर आलं, ते सांभाळायला कौन्सिल आली. काही वर्षांतच कौन्सिलने मुंबईच्या डॉ. पोपट प्रभुराम यांचं नाव काढून टाकलं. कारण? आयुर्वेद कॉलेजशी संबंध. म्हणजे प्रश्न पेशंटच्या धोक्याचा कमी, धंद्याच्या शिस्तीचा जास्त.

धोक्याचा प्रश्न ब्रिटनमध्ये ठळक झाला. डॉ. हॅरॉल्ड शिपमनला १९९८ मध्ये पेशंटच्या खुनासाठी अटक झाली, पण रजिस्टरमधून नाव निघालं ते २००० मध्ये, शिक्षा झाल्यावर. त्याच वर्षी तिथे अंतरिम आदेशांची समिती आली. ती दोषी कोण हे ठरवत नसे. निकाल लागेपर्यंत पेशंटला धोका किती, हे मुख्यतः बघे.

आपल्याकडे २००२ च्या नियमावलीत हे आहे. तक्रारीचा निकाल ६ महिन्यांत लावायचा, आणि तोवर कौन्सिल डॉक्टरला 'जी प्रोसिजर किंवा प्रॅक्टिस तपासाखाली आहे' तेवढीच करण्यापासून रोखू शकते. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो ना! बग सापडला की अख्खा सर्व्हर नाही पाडत, तेवढं फीचर बंद करतो.

पण गर्भलिंगनिदानाचा कायदा वेगळा. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी तो केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यात कोर्टाने आरोप निश्चित केले की केस संपेपर्यंत नोंदणीच निलंबित करता येते. इथे अख्खा सर्व्हर बंद. मला ते पटतं, कारण जिच्यावर अन्याय होतो ती मुलगी तक्रार करायला जन्मालाच येत नाही.

बाकी प्रकरणांत मात्र कौन्सिलने दोन प्रश्न विचारावेत: नक्की काय थांबवायचं? आणि तोवर घाटावरच्या पेशंटला कोण तपासणार? दुसरा प्रश्न नियमावलीत नाही. धडगावात तो रोज असतो.