सातबाऱ्याचा उतारा

मराठी माणसाचा पाढ्यांशी संबंध शाळेबरोबर सुटतो, पण दोन आकडे त्याला जन्मभर सोडत नाहीत. सात आणि बारा. साडेसाती झाली तरी साडेसात वर्षांनी उतरते. सातबारा पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. आणि गंमत अशी, की त्यालाच म्हणतात 'उतारा'! विंचू चावला की उतारा देतात, दृष्ट लागली की तिठ्यावर उतारा ठेवतात. हाती पडल्याबरोबर ताप चढतो असा उतारा मात्र हा एकच.

आमच्या वसई-विरारकडे तर सातबारा ही कुंडलीच्या वरची चीज आहे. लग्नात पत्रिका जुळली नाही तर शांत करता येते. सातबारा जुळला नाही तर कोणताही भटजी उपयोगाचा नाही. पश्चिमेकडे केळीच्या वाड्या, बावखलं, फुलांचे मळे आणि पूर्वेकडे डोंगरापर्यंत चढत गेलेल्या इमारती; या दोहोंच्या मध्ये जो कागद उभा आहे, तो हा.

आता हे सात आणि बारा म्हणजे काय? त्याचं असं आहे, की गावचा कारभार सरकारने एकवीस नमुन्यांत मांडून ठेवला आहे. (गावातल्या माणसांचे नमुने वेगळे, ते याहून जास्त भरतील.) नमुना सात सांगतो जमीन कोणाची, नमुना बारा सांगतो तिच्यात पिकतं काय. दोन्ही एकाच कागदावर आले आणि सातबारा झाला. नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींची गोळाबेरीज. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार. ही सगळ्यांत वाचनीय वही. सातबारा नुसता निकाल सांगतो, फेरफार कथानक सांगतो: कोण वारलं, कोणी विकलं, कोणी कोणाला बक्षीस दिलं आणि कोणी हरकत घेतली.

या कागदाची भाषाही मोठी रसाळ आहे. जमीन ज्याच्या नावावर तो 'भोगवटादार'. भोग भोगायला तोच, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. पिकाला नालायक तुकडा म्हणजे 'पोटखराबा'. कर्ज म्हणजे 'बोजा'. नावामागे 'अ.पा.क.' दिसलं तर तो अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान मुलाच्या वतीने पाहणारा. पाहणारा सज्ञान असतो, अशी समजूत आहे. माणूस वारला आणि वारसांची नोंद मंजूर झाली, की त्याचं नाव कंसात जातं. आपल्याकडे माणूस कैलासवासी होतो, वैकुंठवासी होतो, आणि महसुली दप्तरात कंसवासी होतो. हे सारं ज्याच्या ताब्यात, त्या तलाठ्याच्या हद्दीला म्हणतात 'सजा'. ती कोणाला, हे सांगायची गरज नाही. 2024 साली सरकारने तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं, पण गावातली माणसं अजून 'तलाठी आलेत का हो?' असंच विचारतात.

जमिनीची नोंद ठेवायची खोड आपल्याकडे फार जुनी. सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला, पण त्यात सर्व्हे नंबर नाही. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, एवढंच आहे. जमिनीची खरी काळजी दिसते ती शिलाहारांच्या काळात. उत्तर कोकणात त्यांचे ताम्रपट मिळाले आणि गधेगळ मिळाले. गधेगळ म्हणजे दानाची नोंद केलेला दगड: वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, आणि खाली हे दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचं असं एक चित्र, की ते इथे शब्दांत सांगता येणार नाही. त्या काळी स्टँप पेपर नव्हता. अब्रूवर भागत असे. हल्लीच्या करारनाम्यातली बारीक अक्षरातली तेवीस कलमं वाचताना मला पुष्कळदा वाटतं, शेवटी एक गाढव कोरलं असतं तर बावीस कलमं वाचली असती.

मग पोर्तुगीज आले. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना तहात लिहून दिली, आणि तो तह झाला एका गलबतावर. म्हणजे जमिनीचा व्यवहार पाण्यात! पोर्तुगीज लोक मात्र लिहिण्यात पक्के. सिमाँव बोतेल्यु नावाच्या त्यांच्या खजिन्याच्या अधिकाऱ्याने 1554 साली 'तोंबो' तयार केला. तोंबो म्हणजे उत्पन्नाची नोंदवही. वसई आणि तिच्या ताब्यातल्या मुलखाचा वसूल त्यात मांडलेला आहे. गावं पट्ट्याने दिली जात ती बहुधा 'जिवां'वर, म्हणजे एका, दोन किंवा तीन पिढ्यांच्या बोलीने. भाडेकरू तीन पिढ्यांत निघत नाही, हे मुंबईकरांना पुढे कळलं. पोर्तुगिजांना तेव्हाच कळलं असावं.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातल्या पोर्तुगिजांना आपली चीजवस्त घेऊन जायची मुभा तहात होती. सगळं नेता आलं, जमीन तेवढी पेटीत भरता आली नाही. मग दप्तर मोडीत सुरू झालं. मोडी लिहिताना हात उचलावा लागत नाही, पण वाचताना कपाळाला हात लावावा लागतो. 

त्यानंतर इंग्रज. या माणसांनी आमच्या डोंगरदऱ्यांना साखळी लावली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे 1830 च्या दशकात इंदापूरकडे मोजणी करीत होते. पुढे त्यांचीच पद्धत मुंबई इलाखाभर पसरली. साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि त्या भागांचं नाव 'आणे'. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा: 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढे हेक्टर-आर आले. आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे एकशे एक आणि वर थोडं. फरक चौरस मीटरभराचा. पण तेवढ्यात एक तुळशीवृंदावन बसतं, आणि तेवढ्यावर दोन भावांचं बोलणं पंचवीस वर्षं बंद राहू शकतं.

मोजणी झाली तरी हक्क कोणाकोणाचे, ते लिहायला इंग्रजांना विसावं शतक उजाडावं लागलं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला 1903 साली आणि 1913 साली तो जमीन महसुलाच्या कायद्यातच घातला गेला. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कूळ कायदा आला, आणि कसणाऱ्या कुळाला मालक मानायचा दिवस ठरला 1 एप्रिल 1957. तारीख पाहून काही जमीनदारांनी हे थट्टेवारी नेलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पण सरकार थट्टा करीत नव्हतं. काल खंड घालणाऱ्याचं नाव आज मालकाच्या रकान्यात! ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा ट्रंकेला कुलूप लागलं ते या एका कागदासाठी.

हल्ली ज्यावर सारं चालतं तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा कायदा 1966 चा. त्यात एक शहाणपणाचं वाक्य आहे. त्याचा भावार्थ असा, की नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानावी. म्हणजे सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, न्यायालयांनीही हे पुन:पुन्हा सांगितलं आहे. तो साक्षीदार आहे. साक्षीदार एकटा बोलतोय की चौघे एकच बोलताहेत, हे आपण पाहायचं असतं.

ते चौघे कुठे भेटतात? सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे. फार जुने असतील तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात. नकाशा आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे. गावठाणात किंवा शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिकाही तिथेच. खरेदीखतं दुय्यम निबंधकाकडे; तिथे 'इंडेक्स टू' पाहायचा आणि वकील सांगतात त्याप्रमाणे तीस वर्षांचा शोध घ्यायचा. आणि इमारत असेल तर बांधकामाची परवानगी महापालिकेकडे. वसई-विरार महापालिका झाली 2009 साली, चार नगरपालिका आणि बऱ्याच ग्रामपंचायती मिळून. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या कागदावर जिल्हा ठाणे, नव्यावर पालघर, परवानगीवर कधी ग्रामपंचायत तर कधी नगरपालिका. माणूस एकाच ओट्यावर बसून आहे. त्याचा पत्ता तेवढा फिरतो आहे.

हे चार दरवाजे न ठोठावल्याचं फळ काय, ते नालासोपाऱ्याने पाहिलं. सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी वगैरे राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने 2024-25 मध्ये पाडल्या गेल्या. घरं घेणाऱ्यांनी पैसे खरे मोजले होते, संसार खरे मांडले होते. खोटी होती ती पायाखालची परवानगी. तिथे विनोद सुचत नाही.

आता आमच्या आत्याची गोष्ट. आजोबा 1962 साली वारले. वाडी दीड एकर, एक विहीर, एक बावखल. वारसनोंद झाली. मुलांची नावं भोगवटादार म्हणून वर चढली आणि एकुलत्या मुलीचं नाव खाली 'इतर हक्क' या रकान्यात बसलं. ही त्या काळची सर्रास रीत. कायदा 1956 पासून मुलीला बापाच्या हिश्शात वारस म्हणत होता, पण रकाना म्हणत होता, 'तुम्ही जरा तिकडे बसा.' आत्या बसली. पुढे हस्तलिखित सातबारे संगणकावर चढले, आणि चढता चढता आत्या तिथूनही खाली पडली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. वाडीला गिऱ्हाईक आलं, तेव्हा आलं.

चुलतभाऊ छापील उतारा घेऊन तिच्यासमोर बसला. "आत्या, बघ ना, तुझं नावच नाही यात."

आत्याची ऐंशी उलटून गेलेली. तिने कागद हातात घेतला, उलटा केला, मागे काही आहे का ते पाहिलं आणि म्हणाली, "अरे, रहाटाचा बैल हाकायला पहाटे चारला मला उठवीत होते, तेव्हा माझं नाव बरोबर सापडायचं!"

मी आणि आत्या कामाला लागलो. कुठल्या कार्यालयात, ते सांगत नाही. सगळ्यांच्या भिंती सारख्याच. महसूल खात्यात शिरलं की एकत्र कुटुंबात आल्यासारखं वाटतं: कोणी तात्या, कोणी अण्णा, कोणी भाऊसाहेब, सगळ्यांच्या वर रावसाहेब. आणि एकत्र कुटुंबासारखंच प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पहिल्या दिवशी भाऊसाहेब बैठकीला. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली बैठकीला. तिसऱ्या दिवशी फेरफाराचा नंबर आणा म्हणाले. तो नंबर जुन्या सातबाऱ्यावर असतो, आणि जुना सातबारा त्याच कपाटात! आत्या बाकावर बसून आल्यागेल्याला घरची सुकेळी देत होती. शेवटी त्या सुकेळ्यांची चव कळलेला एक म्हातारा शिपाई उठला, धुळीने लाल झालेलं एक बासन त्याने काढलं आणि म्हणाला, "आजी, नाव सांगा वडलांचं."

पान सापडलं. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: वारस, मुलगे, आणि खाली मुलगी, माहेरच्या नावाने. आत्याला वाचता येतं, पण ती वाचत नव्हती. तिने नुसतं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. या नावाने तिला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. एवढ्या मोठ्या जगात ते नाव त्या एका बासनात राहिलं होतं.

पुढे रीतसर नकला, रीतसर अर्ज. हस्तलिखितावरून संगणकात उतरवताना राहिलेली नोंद दुरुस्त करायला संहितेत 155 वं कलम आहे. ते कलम वाचायला मिनिट लागतं आणि अमलात यायला सव्वा वर्ष. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आहे, तशा उताऱ्यावर एके दिवशी आत्याचं नाव आलं. 'इतर हक्का'तच आलं, पण आलं. वर चढवण्याचा अर्ज तिने लगेच दुसऱ्या दिवशी दिला आहे.

वाडी अजून विकलेली नाही. विकायची तर आत्याची सही लागते, आणि आत्याचे डोळे हल्ली सही करण्यापुरते अधू झाले आहेत. एरवी तिला बावखलातला खंड्या ओट्यावरून दिसतो. चुलतभाऊ मात्र दर पंधरा दिवसांनी केळीचा घड घेऊन येतो, प्रकृती विचारतो, वाकून नमस्कार करतो. साठ वर्षांत हे असं कधी झालं नव्हतं. परवा तो गेल्यावर आत्या घडातलं एक पिकलं केळं सोलता सोलता मला म्हणाली, "बाबू, त्या कागदाला उतारा म्हणतात ते बरोबर आहे हो. पोराची गुर्मी पार उतरली!"