ताजुद्दीन अहमद : गैरहजर नेत्याच्या नावाने चाललेलं सरकार

बांगलादेशाच्या जन्माची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते तेव्हा तिच्यात इंदिरा गांधी असतात, माणेकशा असतात, शेख मुजीब असतात. पण त्या नऊ महिन्यांत मुजीब तर पाकिस्तानच्या तुरुंगात होते. मग सरकार कोण चालवत होतं? ताजुद्दीन अहमद, बांगलादेशाचे पहिले पंतप्रधान. माझा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे आज मी एका प्रश्नाला धरून बोलणार आहे. जो माणूस समोर नाही, ज्याने तुम्हाला काही लिहून दिलेलं नाही, त्याच्या नावाने राज्य चालवायचा अधिकार येतो कुठून?

पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. जन्म १९२५ चा, ढाक्याजवळच्या कापासिया भागातला. लहानपणी कुराण मुखोद्गत केलं, पुढे अर्थशास्त्र शिकले, कायद्याची परीक्षा तुरुंगातून दिली. तरुणपणी इंग्रजीत रोजनिशी लिहीत, आणि तिच्यात राजकारणाबरोबर त्या दिवशीचं हवामानही नोंदवत. माणूस कसा होता ते एवढ्यावरून कळावं. १९५४ साली प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगच्या बड्या नेत्याला हरवून ते निवडून आले. १९६६ मध्ये मुजीब अवामी लीगचे अध्यक्ष झाले आणि ताजुद्दीन सरचिटणीस. एक मैदान गाजवणार, दुसरा कागद सांभाळणार, अशी ती जोडी. १९७१ च्या मार्चमध्ये असहकार सुरू झाला, तेव्हा बँका किती तास उघड्या ठेवायच्या इथपर्यंतचे आदेश मुजीबांच्या नावाने निघत. ते तयार करणाऱ्यांत ताजुद्दीन प्रमुख होते.

२५ मार्चच्या रात्री लष्कर ढाक्यावर तुटून पडलं. मुजीब घरीच थांबले आणि पकडले गेले. ताजुद्दीन तरुण वकील अमीरुल इस्लाम यांना बरोबर घेऊन निघाले आणि ३० मार्चला सीमेवर पोचले. इथला प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे. मागे सैन्य, खिशात काही नाही, आणि तरी हे गृहस्थ सीमा ओलांडायला तयार नाहीत. त्यांनी पुढे निरोप पाठवला, की स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून आमचं स्वागत होणार असेल तरच आम्ही येऊ. उत्तर येईपर्यंत एका मोरीवर बसून राहिले. त्याच रात्री कलकत्त्यात त्यांची गाठ सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांच्याशी पडली. (हे रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे.) तिथून ताजुद्दीन दिल्लीला गेले.

दिल्लीत पेच उभा राहिला. इंदिरा गांधींना भेटायचं, पण कोण म्हणून? पक्षाचा सरचिटणीस म्हणून गेलं तर सहानुभूती मिळेल. मदत मागायची तर सरकार हवं, आणि सरकार तर अजून बनलेलंच नव्हतं. सहकारी विखुरलेले, कोण जिवंत आहे याचाही पत्ता नाही. ताजुद्दीननी ठरवलं, की सरकार आहे, मुजीब त्याचे राष्ट्रपती आहेत आणि मी पंतप्रधान म्हणून बोलतोय.

हे खोटं होतं का? सतराव्या शतकातला हॉब्ज एक भेद सांगतो. एक मूळ धनी, आणि दुसरा त्याच्या वतीने वावरणारा. दुसऱ्याची कृती पहिल्याला बांधते, पण अट अशी की अधिकार दिलेला असला पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर कुळमुखत्यारपत्र पाहिजे. भरताला निदान पादुका तरी मिळाल्या होत्या. ताजुद्दीनकडे तेवढंही नव्हतं. माझं उत्तर असं, की इथे मूळ धनी मुजीब नव्हतेच. १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला मिळाल्या होत्या. मुखत्यारपत्र होतं ते त्या मतदारांचं. १० एप्रिलची स्वातंत्र्याची घोषणा वाचा, तिचा आधार निवडून आलेले प्रतिनिधी हाच आहे. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळ वैद्यनाथतला इथल्या आमराईत शपथविधी झाला, आणि त्या जागेचं नाव ठेवलं मुजीबनगर. आधार मतदारांचा, नाव मुजीबांचं. पुढची सगळी गुंतागुंत इथेच सुरू होते.

कारण ज्याच्या नावाने कारभार चालतो, त्याचा खरा वारस कोण हे भांडण टळत नाही. शेख फजलुल हक मणी वगैरे युवा नेत्यांनी ताजुद्दीनचं पंतप्रधानपद मानलं नाही. त्यांची मुजीब वाहिनी वेगळी राहिली, तीही भारतीय गुप्तचर यंत्रणेच्या मदतीने! परराष्ट्रमंत्री खोंदकर मुश्ताक यांच्या गोटातून अमेरिकेशी गुपचूप बोलणी चालली. जुलैमध्ये सिलिगुडीला लोकप्रतिनिधींच्या बैठकीत ताजुद्दीनवर उघड टीका झाली, पण ते टिकले. कलकत्त्यात थिएटर रोडवरच्या कचेरीतच ते झोपत. कुटुंब त्याच शहरात होतं, पण देश मोकळा होईपर्यंत घरी राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

१० जानेवारी १९७२ ला मुजीब परतले. दोन दिवसांत ते पंतप्रधान झाले आणि ताजुद्दीन अर्थमंत्री. त्या नऊ महिन्यांत काय घडलं हे मुजीबभाईंनी आपल्याला कधी विचारलंच नाही, ही त्यांची खंत जवळच्या लोकांनी नोंदवली आहे. का विचारलं नाही? आपल्या नावाचं राज्य आपल्यावाचून चाललं, हे ऐकणं कोणाही थोर माणसाला जड जात असावं.

१९७४ च्या दुष्काळानंतर, २६ ऑक्टोबरला मुजीबांनी राजीनामा मागितला आणि यांनी मुकाट्याने सही केली. चारच दिवसांनी किसिंजर ढाक्यात उतरले. जानेवारी १९७५ मध्ये एकपक्षीय राजवट आली. ती ताजुद्दीनना मान्य नव्हती. शांततेने सरकार बदलायची वाट बंद झाली की काय उरतं, हे त्यांना दिसत होतं. पण ते बोलले खाजगीत. इथे मी त्यांच्या चाहत्यांशी सहमत नाही. ज्या मतदारांच्या जोरावर ते १९७१ मध्ये उभे राहिले, त्यांच्यासमोर येऊन बोलणं हेही त्या मुखत्यारीतच येत होतं. मुजीबांवरची निष्ठा तिथे आड आली.

१५ ऑगस्टला मुजीबांची सहकुटुंब हत्या झाली आणि मुश्ताक राष्ट्रपती झाले. ताजुद्दीनना २२ तारखेला तुरुंगात नेलं. ३ नोव्हेंबरच्या पहाटे सशस्त्र सैनिक ढाका मध्यवर्ती कारागृहाच्या दाराशी आले. अधिकारी कचरले. राष्ट्रपतिभवनातून फोनवर हुकूम आला, की ते म्हणतात तसं करू द्या. ताजुद्दीन, सय्यद नजरुल इस्लाम, मन्सूर अली आणि कमरुज्जमान या चौघांना एका कोठडीत आणून गोळ्या घातल्या गेल्या. फोनवर तो हुकूम देणारे मुश्ताक एकेकाळी त्यांच्याच मंत्रिमंडळात बसलेले. दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या एका अधिकाऱ्याने पोलिसांत रीतसर तक्रार नोंदवली. ती एकवीस वर्षं पडून राहिली. पहिला निकाल लागला २००४ साली.